भूकंपात नसलेला मुलगा

मुखेडहून पाहुणे मला बघायला आले तेव्हा मी लातूरच्या ट्यूशन एरियात तीन पोरांबरोबर एका खोलीत राहत होतो. खोलीत खुर्ची एकच होती. ती मी आलेल्यांतल्या सगळ्यांत जाड माणसाला दिली. मुलीचे मामा तेच निघाले. मामांनी तांब्याभर पाणी संपवलं, मिशी पुसली, भिंतीवरच्या सूत्रांच्या तक्त्याकडं एकदा आदरानं बघितलं आणि विचारलं, “मुलगा भूकंपात आहे का?”

भूकंप होऊन तेव्हा दहाच्या वर वर्षं उलटली होती. मुखेडात त्या पहाटे फार तर फळीवरची भांडी वाजली असतील. पण मामांना सगळं माहीत होतं, कारण आमच्या भागात सोयरीक जमवायला निघालेल्या प्रत्येकाला हे माहीत असायचंच. ज्याचं घर पडलं त्या कुटुंबातल्या एकाला दाखला मिळायचा, आणि त्या दाखल्यावर सरकारी नोकरीत राखीव जागा. दाखला असलेला मुलगा ‘भूकंपात’ असायचा. त्याच्या घरी पाहुणे जेवून जायचे. दाखला नसलेल्याकडं नुसतं पाणी पिऊन उठायचे.

मी म्हणालो, नाही.

मामांनी धीर सोडला नाही. क्लास स्वतःचा आहे का विचारलं. मी म्हणालो, दुसऱ्याच्या क्लासात फिजिक्स शिकवतो, तासावर. पुण्यात काही खटपट चालू आहे का? नाही. पुण्यात कुणी चुलता, मावसा? नाही. मामा खुर्चीतून उठले आणि मनापासून, खरोखर काळजीनं म्हणाले, “मग इथं राहून करून काय राहिलात?”

हा प्रश्न मला आजवर इतक्या लोकांनी विचारलाय की त्यावर मी एक छोटं नाटक बसवलंय. लग्नकार्यात, पंगतीत, क्लासच्या स्टाफरूममध्ये मी ते करून दाखवतो. मामांची मिशी, खुर्चीचा कुरकुरणारा पाय, सगळं. लोक पोट धरून हसतात. आमच्याकडं पुण्याला गेलेला पोरगा सुट्टीत गावी आला की तो तिकडं गोदामावर राखण का करत असेना, त्याच्यासाठी पारावरची माणसं सरकून जागा करतात. आणि इथं असलेल्याची ओळख करून देताना म्हणतात, “सध्या इथंच असतो.” ते सध्या वीस वर्षंही चालतं. इथं राहायचं असं कुणी ठरवत नाही. बाकीचे गेले की माणूस इथं उरतो.

तर मी भूकंपात का नव्हतो, ते सांगतो. आमचं घर पडलं नाही. अख्ख्या गावात एकट्या आमचं.

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा गवंडी होते आणि गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची होती. घर म्हणजे काळ्या दगडाचं, मातीत रचलेलं, दोन-अडीच हात जाड भिंतीचं, वर लाकडी सर आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. दर उन्हाळ्यात माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. जुना कुणी काढायचं नाही. दादा सांगायचे की वरचं वजन फार होतंय. लोक म्हणायचे, मिस्त्री, घर कसं दिसायला भक्कम पाहिजे. मग दादा त्यांना पाहिजे तसं भक्कम बांधून द्यायचे.

स्वतःचं घर मात्र त्यांनी निराळंच बांधलं. दगड परवडत नव्हता म्हणून एका विटेची भिंत, वर पत्रे. साखर कारखान्याच्या बांधकामावर असताना तिथल्या ओव्हरसियरकडून ते एक गोष्ट शिकून आले होते: खिडकीच्या खाली आणि दाराच्या वर भिंतीभोवती सळई घालून सिमेंटचा पट्टा फिरवायचा, पोत्याला दोरी बांधतात तसा. गाव त्या घराला काड्यापेटी म्हणायचं. आमच्या शेजारी माझ्या दोस्ताचं बारा खणांचं घर होतं, दादांनीच बांधलेलं. दोस्ताचे वडील ओट्यावरून रोज ओरडून विचारायचे, मिस्त्री, काडी ओढली का नाही अजून?

गणपती बुडवून गाव झोपलं होतं. मी बारावीला होतो, सणासाठी लातूरहून आलो होतो. पहाटे काय झालं ते मी सांगत नाही. त्याचं नाटक मला बसवता आलेलं नाही. एवढंच सांगतो की आम्ही तिघं, आई, दादा आणि मी, काड्यापेटीच्या दारातून चालत बाहेर आलो, आणि बाहेर गाव नव्हतं.

पुढचे तीन दिवस दादांनी ढिगारे उपसले. जवान आले, पुढारी आले, दूरदूरची माणसं मदतीला आली, पण सगळे दादांना विचारायचे. कारण कुणाच्या घरात दार कुठं होतं, चूल कुठं, म्हातारी माणसं कोणत्या सोप्यात झोपतात, हे त्यांनाच माहीत होतं. त्यांनी बोट दाखवलं तिथं उकरलं की माणूस सापडायचं. काही जिवंत सापडले. दोस्ताची बहीण आणि आजोबा दादांनी दाखवलेल्या जागीच सापडले, मधल्या सोप्यात, माळवदाखाली. दादांनी त्यानंतर हात धुतले ते कितीतरी वेळ धुतच राहिले.

मग पंचनाम्याचा साहेब आला. तंबूत टेबल मांडलं गेलं आणि तिथून एक बातमी निघाली की भिंती अर्ध्या उभ्या असल्या तर घर पडलं असं धरत नाहीत. त्या दुपारी गावात जे चाललं ते बघायला पाहिजे होतं. जी माणसं भिंतीखालून वाचली होती तीच उरलेल्या भिंती खांद्यानं ढकलत होती. एक जण तर भिंतीला दोर बांधून बैल जुंपून उभा होता. दोस्ताचे वडील, ज्यांच्या घरातली दोन माणसं गेली होती, आमच्या दारात आले. मस्करीची सवय गेलेला आवाज होता त्यांचा. म्हणाले, मिस्त्री, तुमचं बी पाडून टाका, आम्ही येतो चौघं.

मग घरं तपासत आमच्या दारात साहेब आला. त्यानं वही उघडून विचारलं, नुकसान किती?

“न्हाई साहेब,” दादा म्हणाले. “चीर बी न्हाई. मी बांधलंय.”

आणि त्यांनी साहेबाला घर फिरवून दाखवलं. पट्टा कुठून कुठं फिरतो, कोपऱ्यात सळई कशी वळवलीय, पत्र्याला हूक कसे मारलेत. जणू साहेब घर विकत घ्यायला आला होता. आई दारात कपाळाला हात लावून उभी होती. साहेबानं दोन मिनिटं ऐकलं आणि वहीत एकच शब्द लिहिला, सुस्थितीत. मी दादांना नंतर विचारलं की असं का केलं. ते पायाकडं बघत म्हणाले, “मी बांधलेली समदी पडली. एक न्हाई पडलं. ते बी पडलं म्हणून सांगू?”

त्या एका शब्दाची किंमत आम्हाला हळूहळू कळत गेली. गाव दोन किलोमीटरवर माळावर नव्यानं वसलं. रुंद रस्ते, ओळीनं घरं, शाळा, दवाखाना. घर पडलेल्यांना घर मिळालं. आमचं पडलंच नव्हतं. जुन्या गावात आमचंच घर राहिलं आणि आमच्याभोवती ढिगाऱ्यांवर वेड्या बाभळी वाढल्या. विजेच्या तारा नव्या गावात गेल्या. एसटीचा थांबा गेला. गिरणी गेली, आई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर जायची आणि परत यायची. पत्रावळीसारखं पसरलेलं गाव होतं आमचं, त्यातलं एक पान राहिलं. कुणाचं पत्र आलं तर पोस्टमन ते नव्या गावातल्या हॉटेलात ठेवून द्यायचा. आई म्हणायची, “तुझ्या बापाच्या घराला लई मजबुती हाय. तेवढीच हाय आपल्याकडं.”

मी लातुरात होतो आणि लातूर सुसाट सुटलं होतं. निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकात लागायचे. कुठून कुठून आईबाप ट्रंका घेऊन उतरायचे आणि पोराला सोडताना म्हणायचे, बाबा, इथून निघ. त्यासाठीच तर सोडलंय इथं. ज्या घरात बैलाचा गोठा होता तिथं सहा कॉट पडल्या. मी त्या पोरांना फिजिक्स शिकवायचो. माझ्या हाताखालची पोरं डॉक्टर व्हायला, इंजिनीयर व्हायला निघून जायची आणि जूनमध्ये नवी यायची. मी स्पर्धा परीक्षांना बसत होतो. लातूर, नांदेड, औरंगाबाद, जिथं केंद्र पडेल तिथं. नांदेडला एकदा इतकी चांगली गेली की मी स्टेशनसमोर उभं राहून दोन प्लेट भजी खाल्ली. निकालात नाव नव्हतं. खाली भूकंपग्रस्तांची यादी होती आणि त्यात दोस्ताचं नाव होतं.

दोस्ताला गणित मीच शिकवलं होतं. तो औशाच्या कचेरीत कारकून झाला. सगळ्यांत आधी मला येऊन भेटला, पेढा हातात ठेवला आणि खाली बघत राहिला. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याची बहीण गेली होती आणि माझं कुणी गेलं नव्हतं. ह्या दोन गोष्टी मी तराजूत घालून बघायचो आणि मग माझीच मला शिसारी यायची. कुणाचं घर पडावं असं मनात येत नव्हतं. आपलं पडलेलं असावं, असं यायचं. एका कोपऱ्यात, थोडंसं, माणसं बाहेर असताना.

वयाची अट संपायला एक वर्ष राहिलं. मामा मुखेडला गेले आणि त्यांनी मुलगी भूकंपात असलेल्या कुणाला तरी दिली. त्याच महिन्यात दोस्त औशाहून मोटारसायकलवर माझ्या खोलीवर आला. म्हणाला, यादीतून सुटलेल्या कुटुंबांची फेरतपासणी निघालीय. तुझी दरखास्त मी लावलीय. गुरुवारी साहेब येतोय. कागद माझ्याकडं, पण साहेब डोळ्यानं घर बघणार.

मी विचारलं, मग?

“मग काय गड्या,” तो म्हणाला. “एक भिंत तरी पाड.”

बुधवारी सकाळी मी लातूरहून औसा, औशाहून किल्लारीच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाराला लोंबकळत गावाला गेलो. सगळ्या वाटेत मी दादांना काय सांगायचं त्याची तालीम केली. तीन तऱ्हा केल्या, एक रडकी, एक चिडकी, एक कायद्याची. घरी पोचल्यावर सरळच सांगितलं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत आईनं फळीवरचे डबे बाहेर काढायला सुरुवात केली. बिचारी किती वर्षं ह्या दिवसाची वाट बघत होती. तासाभरात भांडी, अंथरूण, देव, सगळं बाभळीखाली मांडून झालं. दादा ओट्यावर बसून राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

पहार घरातच होती. ती गवंड्याच्या घरात असतेच. मी शर्ट काढला आणि पश्चिमेच्या भिंतीला पहिला घाव घातला. पहार उसळून माझ्याच नडगीवर आली. दुसरा घातला, तिसरा घातला. विटेची कपची उडाली. दुपारपर्यंत नव्या गावात बातमी पोचली आणि अख्खं नवं गाव बघायला आलं, चहाची किटली घेऊन. जुन्या ढिगाऱ्यांवर, स्वतःच्याच पडलेल्या घरांच्या दगडांवर ती माणसं निवांत बसली आणि सल्ले द्यायला लागली. कुणी म्हणालं कोपरा धर, कुणी म्हणालं ट्रॅक्टर आणू का. दोस्ताचे वडीलही आले होते. ते नुसते बसले होते.

“तिथं नको मारू,” ओट्यावरून दादा म्हणाले. “तिथं पट्टा हाय.”

मी थांबलो. घाम डोळ्यांत गेला होता. “मग कुठं मारू?”

त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

“दादा, मला दाखला पायजे.”

“हाव. ठाऊक हाय मला.”

“मग सांगा कुठं मारू.”

ते उठले. भिंतीजवळ आले, तिच्यावर तळवा फिरवत दोन पावलं सरकले, जनावराची पाठ चाचपतात तसे. मग खिडकीच्या डाव्या हाताला एका जागी थांबले.

“इथं. इथं सिमेंट कमी पडलं होतं मला.”

हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मला तर घर बांधतानाचं काहीच आठवत नाही, मी रांगत होतो. त्यांनी माझ्या हातातून पहार घेतली आणि स्वतः घाव घातला. म्हातारा माणूस, पण घाव सरळ. एक वीट आत गेली. मग दुसरी. आम्ही आळीपाळीनं मारत होतो, बाप आणि लेक, आणि गाव चहा पीत होतं. तासाभरात एक भोक पडलं, शेळी आरपार जाईल एवढं. पण भिंत उभीच. पट्टा खाली, पट्टा वर, मधे भोक. दादांनी मागं सरकून बघितलं, तोंडावरची लाल धूळ पुसली आणि पुटपुटले, “न्हाई पडत ही.”

त्यांच्या आवाजात आनंद होता. क्षणभरच. त्यांनी तो लगेच लपवला, पण मी ऐकला होता, आणि त्या क्षणी माझ्या बापाचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचाच आलेला नाही.

तेवढ्यात जीप आली. साहेब गुरुवारी येणार होता, पण किल्लारीत त्याचं काम लवकर आटोपलं आणि त्यानं म्हटलं जाता जाता हेही उरकू. मागून मोटारसायकलवर दोस्त, तोंड पांढरं पडलेला. साहेब उतरला. त्यानं बाभळीखालचा संसार बघितला, ढिगाऱ्यांवरचं गाव बघितलं, किटली बघितली, भोक बघितलं. विटांचा भुगा अजून ताजा, लालभडक. मग त्यानं दादांना विचारलं, हे कसं झालं?

मला वाटलं आता ते पुन्हा तेच सांगतील. मी बांधलंय, चीर बी न्हाई. मी डोळे मिटले.

“भूकंपात पडलं साहेब,” दादा म्हणाले. हातात पहार होती.

“कधी?”

“तव्हाच.”

“मग आज काय चाललंय?”

दादांनी पहारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “दुरुस्ती.”

आधी कुणाला तरी ठसका लागला. मग गाव हसायला लागलं. साहेब हसला, त्याचा ड्रायव्हर हसला. ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितलीय आणि दर वेळी इथंच थांबवलीय, कारण इथं ऐकणारेही हसतात आणि मला पुढं जावं लागत नाही. पण ठसका लागला तो दुसऱ्या कुणाला लागला नव्हता. सगळ्यांत आधी मीच हसलो होतो. माणूस उभ्या जन्मात एकदाच खोटं बोलला, माझ्यासाठी बोलला, आणि मला हसू आवरलं नाही. दोस्ताचे वडील तेवढे हसले नाहीत. ते उठून, कुणाशी न बोलता, माळाच्या वाटेला लागले.

साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, बाबा, मी हे कसं लिहू? माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे. त्यानं जे लिहिलं ते जुन्या शब्दापेक्षा फार वेगळं नसावं. दाखला मिळाला नाही. पुढच्या वर्षी मी अखेरची परीक्षा दिली आणि वय संपलं. दोस्त पुढं बरीच वर्षं मला टाळत होता, म्हणजे मी त्याला टाळत होतो असंही म्हणता येईल.

त्या संध्याकाळी आईनं एकेक भांडं परत आत नेलं. मी तिला हातभार लावू लागलो तर म्हणाली, तू जा, तुझी जीप चुकंल. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. दादा अंधार पडेस्तोवर फुटक्या विटा निवडून एका बाजूला रचत बसले होते, अख्ख्या वेगळ्या, तुकडे वेगळे. मी निघताना त्यांनी वर बघितलं नाही.

त्यानंतर मी दोन महिने घरी गेलो नाही. क्लासमध्ये नवी बॅच आली होती. फळ्यावर लिहिता लिहिता मला ती पोरं ओळीनं बसलेली दिसायची आणि वाटायचं, ह्यांतला एक जरी माघारी आला तर त्याला काय सांगू? मामांसारखंच विचारीन. करून काय राहिलास इथं?

गेलो तेव्हा भोकाच्या जागी खिडकी होती. कडा सरळ कापलेल्या, गिलावा घोटून गुळगुळीत केलेला, खाली शहाबादी फरशीचा तुकडा. जुन्या खिडकीशेजारी ही दुसरी, तिची काहीच गरज नव्हती. बाहेर बघायलाही काही नव्हतं, बाभळी आणि दगड. आई तिच्यापाशी बसून तांदूळ निवडत होती.

मी विचारलं, बुजवलं का नाही?

“तू पाडलेलं हाय ते,” दादा म्हणाले. “कशाला बुजवू.”

मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून दाखवलं. तिच्या चारी बाजूंनी त्यांनी सळई घालून नवा पट्टा ओतला होता आणि तो जुन्या पट्ट्याला जोडला होता. सिमेंट कमी पडलेली ती एक जागा त्यांनी पुरती भरून काढली होती. माझ्याशी त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं हे मला कळत होतं. त्यांनी भिंतीवर दोन थापा मारल्या.

“आता कुठूनच न्हाई पडत,” ते म्हणाले.